पीव्हीपीत (खेळाडू विरुद्ध खेळाडू लढाईत) सगळ्यांना एकाच लेव्हलवर आणावं का?

रात्रपाळी (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यातली गोष्ट. गेमचं नाव देत नाही, कारण असं कुठल्याही ऑनलाइन आरपीजीत (पात्र वाढवत नेण्याच्या गेममध्ये) घडू शकतं. माझी लेव्हल 34. जंगलात औषधी वनस्पती गोळा करत होतो. मागून लेव्हल 60 चा एक योद्धा आला आणि दोन फटक्यांत मी आडवा. स्मशानापासून धावत परत आलो, तर तो तिथेच उभा. असं चार वेळा झालं.

चौथ्या वेळी पळायचं नाही, असं ठरवलं. होतं नव्हतं ते सगळं वापरलं. नऊ वार केले, त्यातले चार चुकले, कारण लेव्हलमधलं अंतर मोठं असलं की गेम तुमचा नेमच काढून घेतो. जे लागले त्यांनी त्याच्या रक्ताची पट्टी जेमतेम हलली. आणि तो खेळत होता वाईट! माझ्याकडे पाठ करून उभा राहत होता. मी त्याला जखडलं तेव्हा सुटकेचं बटणसुद्धा त्याने दाबलं नाही. त्याला गरजच नव्हती.

म्हणून माझं मत: माणूस माणसाशी लढतो तिथे आकडे सारखे हवेत. लढाईत शिरताना गेमने लहान लेव्हलच्या खेळाडूला वर उचलावं, गिअरचे (शस्त्रं-चिलखतांचे) आकडे बाजूला ठेवावेत, आणि मग बघावं कोण जिंकतं. हे जमणारं आहे. 2005 च्या पहिल्या गिल्ड वॉर्समध्ये लेव्हल 20 वरच थांबायची, आणि फक्त पीव्हीपीसाठीचं पात्र थेट लेव्हल 20 चं तयार करता यायचं. 2012 च्या गिल्ड वॉर्स 2 मध्ये रिंगणात शिरलं की सगळेच लेव्हल 80. ताईत, रून, सिजिल अशी ताकद वाढवणारी साधनं तिथल्या यादीतून निवडायची, आणि यादी सगळ्यांना एकच. पाच विरुद्ध पाच, तीन जागा ताब्यात ठेवायच्या, जो संघ आधी 500 गुण करेल तो जिंकला. बारा वर्षं खेळणाऱ्याला तिथे फक्त बारा वर्षांचा अनुभव कामाला येतो. तो येऊ दे की, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मला दिवसाला एक तास मिळतो. त्या तासात मी कुणाकडून तरी हरायला तयार आहे, आकड्याकडून नाही. तुमचं काय मत?

सह्यकडा

पूर्ण असहमत.

तुमच्यासोबत झालं ते वाईटच. चार वेळा प्रेतापाशी थांबणाऱ्याची मी बाजू घेणार नाही. पण त्यावर तुम्ही सुचवलेला इलाज आरपीजीचा जीवच घेतो. लेव्हल म्हणजे नुसता आकडा नाही, त्या पात्राचं आयुष्य आहे. ज्याला पहिल्या मिनिटापासून सगळे सारखे हवेत त्याच्यासाठी काउंटर-स्ट्राइक हा नेमबाजीचा गेम आहे, आणि तो उत्तम गेम आहे. आरपीजीत आपण येतो ते वाढायला.

माझं उदाहरण देतो. आमची गिल्ड (एकत्र खेळणाऱ्यांचा गट) युरोपातली. त्यांची रात्री आठ ते अकराची रेड (सगळ्यांनी मिळून मोठ्या राक्षसांवर केलेली चढाई) म्हणजे हिवाळ्यात आपली साडेबारा ते साडेतीन. वीस जण, आठवड्यातून दोनदा, तीन महिने. शेवटच्या राक्षसाकडून एक छातीचं कवच पडलं आणि पूर्ण गिल्डने ते मला दिलं. त्या रात्री मी झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी ते घालून रणांगणात उतरलो आणि पात्राचे आकडे उघडून पाहिले: कवच अंगावर दिसतंय, पण त्याच्या गुणांचा पत्ता नाही. त्याजागी सगळ्यांना दिलेला साचा.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने हे 2016 च्या लीजन या आवृत्तीत करून पाहिलं. प्रत्येक स्पेकला (पात्राच्या लढण्याच्या शाखेला) एक ठरावीक साचा, गिअरच्या लेव्हलचा फरक अगदी थोडा. 2018 ला पुढची आवृत्ती, बॅटल फॉर अझेरॉथ, आली आणि साचे गेले. तुमच्या मनातली समता एवढ्या मोठ्या गेममध्ये दोन वर्षं टिकली. लोकांना आपलं पात्र आपलं वाटेनासं होतं, एवढीच त्यातली गोष्ट.

लाल_माती

सह्यकडाशी सहमत. तालमीत पाच वर्षं घाम गाळलेला पैलवान आणि काल लंगोट बांधलेला पोरगा एकाच ताकदीचे कसे?

रानमांजर

लाल_माती, कुस्तीचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. कुस्तीत वजनगट असतात ना? 57 किलोवाल्याची जोड 97 किलोवाल्याशी कुणी लावत नाही. पाच वर्षांच्या तालमीचं चीज होतं ते डावपेचांत, आणि ते दिसावं म्हणूनच वजन आधी मोजून घेतात. अर्थात धागाकर्ते म्हणतात ते वजनगटही नव्हेत. गट पाडणं म्हणजे ब्रॅकेट. दोघांना आखाड्यापुरतं सारखं वजन देणं म्हणजे स्केलिंग. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ब्रॅकेटचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

वॉरक्राफ्टमध्ये 2005 ला रणांगणं आली, आणि लवकरच 10 ते 19, 20 ते 29 असे गट पडले. ऐकायला योग्य. मग लोक 19 वर थांबायला लागले. मोठ्या लेव्हलच्या मित्रांकडून पैसा घ्यायचा, त्या लेव्हलला मिळणारं सर्वोत्तम गिअर जमवायचं, त्यावर लेव्हलची अट नसलेली महागडी एन्चांटमेंट (जादूची जास्तीची ताकद) चढवायची. याला ट्विंक म्हणत. वॉरसाँग गल्च या रणांगणात लेव्हल 12 चा नवा पोरगा झेंडा उचलायला धावतो आणि कागदावर त्याच्याच गटातला एक रोग (लपून वार करणारं पात्र) त्याला दोन वारांत कापतो. 2009 मध्ये रणांगणात लेव्हल वाढवणारे अनुभवगुण मिळायला लागले, आणि ते बंद ठेवणाऱ्यांना वेगळ्या रांगेत टाकलं. म्हणजे ट्विंकांना ट्विंकच समोर. रांगा ओस पडल्या. त्यांना बरोबरीचं कुणी हवंच नव्हतं, हा माझा निष्कर्ष, आणि त्यावर मी ठाम आहे.

आता सह्यकडांचा कष्टाचा मुद्दा. त्याच गेममध्ये 2006 अखेरपर्यंत पीव्हीपीच्या 14 पदव्या होत्या. दर आठवड्याला सर्व्हरवरच्या बाकीच्यांच्या तुलनेत तुमचं स्थान ठरायचं आणि खेळला नाहीत तर घसरायचं. सर्वात वरच्या पदाला पोचायला कौशल्यापेक्षा तास लागायचे. एकच अकाउंट आळीपाळीने तिघंचौघं चालवत, त्यातला एक झोपला की दुसरा बसे. मिळणारी शस्त्रं मात्र त्या काळातल्या उत्तम शस्त्रांपैकी. म्हणजे ज्याच्याकडे जास्त तास त्याच्याच हातात जास्त धार, आणि मग त्याच धारेने तो आणखी जिंकणार. याला कष्टाचं चीज म्हणायचं का?

माऊ

मी हीलर, म्हणजे साथीदारांचं रक्त भरणारी. ऑकलंडहून खेळते. माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे: स्केलिंग करायचं तर पूर्ण करा, नाहीतर करूच नका. अर्धं स्केलिंग सगळ्यात घातक.

गिल्ड वॉर्स 2 चंच बघा. रात्रपाळी दादांनी रिंगणाचं सांगितलं, पण त्याच गेममध्ये मोठमोठ्या संघांचं युद्धही आहे, 2024 पर्यंत ते सर्व्हर विरुद्ध सर्व्हर असायचं. तिथेही लहान पात्राला उचलून 80 करतात. पण फक्त आकड्यांत. ट्रेट (पात्राचे खास गुण) उघडलेले नसतात, बरीच कौशल्यं नसतात, आणि समोरच्याने महिनोन्‌महिने जमवलेलं असेन्डेड (सर्वांत वरच्या दर्जाचं) गिअर लागू असतं. नव्या माणसाला पडद्यावर 80 दिसतं, त्याला वाटतं मी बरोबरीचा. किल्ल्याच्या दारात पोचतो आणि हातात चारच बटणं. मी मागून त्याचं रक्त भरत राहते आणि मला कळत असतं की हा वाचणार नाही, कारण वार चुकवायला जे लागतं ते त्याच्याकडे नाहीच.

उलटंही होतं. बऱ्याच गेममध्ये लहान लेव्हलला क्रिटिकल (जास्त जोराचा वार) किंवा वेगाचा एक टक्का मिळवायला गुण कमी लागतात. गुण तसेच ठेवून पात्राला वर उचललं की ते मोठ्या लेव्हलच्यांनाच भारी पडतं. मग लोक मुद्दाम लहान राहतात. रानमांजर म्हणतात तो ट्विंक मागच्या दाराने परत आला.

पूर्ण स्केलिंगचं उदाहरण फायनल फँटसी 14. 2017 च्या स्टॉर्मब्लडपासून तिथे पीव्हीपीची कौशल्यंच वेगळी केली, प्रत्येक जॉबला (पात्राच्या प्रकाराला) मोजकी. 2022 मध्ये ती परत नव्याने बांधली आणि क्रिस्टलाइन कॉन्फ्लिक्ट हा पीव्हीपीचा सामना आणला. कुणाच्या गिअरचा काही संबंध नाही. स्वच्छ खेळ आहे. पण किंमतही सांगते: मी नव्वद लेव्हल ज्या हाताच्या सवयीने लोकांना जिवंत ठेवलं ती सवय तिथे उपयोगाला येत नाही. त्याच नावाचा जॉब, पण बोटांना परका. पहिला महिना मला माझं पात्र उसनं घेतल्यासारखं वाटत होतं. सह्यकडा, तुमच्या कवचाचं दुःख मला कळतं ते यामुळे.

सह्यकडा

माऊताई, धन्यवाद. हे "उसनं" म्हणजेच मला जे म्हणायचं होतं ते.

डोंगरवाट

सगळे रिंगणाबद्दलच बोलताय. धागाकर्ता मेला तो जंगलात. तिथे स्केलिंग कसं करणार? लेव्हल 5 चं पात्र लेव्हल 60 च्या बरोबरीचं झालं तर 60 चं जगच पोकळ होतं.

मोकळ्या जगाचे दोन जुने उपाय सांगतो. रूनस्केपमध्ये वाइल्डरनेस आहे. जितकं उत्तरेला जाल तितकी वाइल्डरनेसची लेव्हल वाढते, आणि तेवढ्याच फरकाच्या खेळाडूवर तुम्ही हल्ला करू शकता. पाचव्या लेव्हलवर उभे असाल तर तुमच्या कॉम्बॅट लेव्हलच्या पाच वर, पाच खाली. धोका किती पत्करायचा हे तुमच्या पायांवर. सुंदर कल्पना. पण तिथेही लोकांनी बचाव 1 वर ठेवून फक्त ताकद वाढवली. कॉम्बॅट लेव्हल कमी दिसते, हात मात्र जड. त्यांना प्युअर म्हणतात. आकडा कुठलाही लावा, त्या आकड्याच्या आत मावेल तेवढं शस्त्र माणूस कोंबतोच.

दुसरा उपाय 2008 च्या वॉरहॅमर ऑनलाइनचा. मोठ्या लेव्हलचा खेळाडू लहानांच्या युद्धक्षेत्रात शिरला की त्याची कोंबडी व्हायची. शब्दशः कोंबडी, कुणीही एका फटक्यात मारावी अशी. आणि आपल्या टिअरमध्ये (लेव्हलच्या टप्प्यात) जे लहान असतील त्यांना गेम वर उचलायचा. तो गेम 2013 ला बंद पडला, पण हा नियम बंद पडायला नको होता. लहानाला मोठं करण्याआधी मोठ्याला अडवा. रात्रपाळी, तुमच्या जंगलात तो योद्धा कोंबडी झाला असता तर हा धागा निघालाच नसता.

पिंग_पुणे

एक मुद्दा कुणीच मांडला नाही, आणि आपल्यासाठी तोच मोठा आहे.

मी पुण्याहून युरोपच्या सर्व्हरवर खेळतो. चांगल्या दिवशी पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा वेळ) 180 मिलिसेकंद. आता हिशोब करा. समोरचा अर्ध्या सेकंदाची जादू टाकायला लागला. ते माझ्या पडद्यावर दिसून, मी बटण दाबून, ते सर्व्हरला कळेपर्यंत येण्याजाण्याचेच 180 मिलिसेकंद जातात. डोळ्याने पाहून बोट हलायला साधारण 250. झाले 430. माझ्याकडे उरतात 70. जर्मनीत बसलेल्या, 20 पिंगच्या खेळाडूकडे 230 उरतात. तो विचार करून अडवतो, मी अंदाजाने.

जोवर गिअर चालायचं तोवर मी रोज रात्री दोन तास जास्त घालून थोडं जास्त रक्त, थोडं जास्त चिलखत कमवायचो आणि हे 160 मिलिसेकंदांचं अंतर भरून काढायचो. मला उशीर होणार हे माहीत असायचं, पण एक वार जास्त झेलायची सोय मी केलेली असायची. आकडे सारखे केले त्या दिवशी माझी भरपाई गेली. रिंगण सपाट झालं ते सर्व्हरजवळ राहणाऱ्यांसाठी. मी मात्र खड्ड्यातच आहे.

रानमांजर

पिंग_पुणे, मुद्दा तोडीस तोड आहे आणि मला उत्तर लगेच सुचत नाही. एवढंच म्हणेन की त्या जर्मन खेळाडूलाही रोज दोन तास जास्त देता येतात. मग तुमची भरपाई त्याच्याकडेही आली, वर 20 पिंग. खरा इलाज जवळचा सर्व्हर हाच.

पिंग_पुणे

येतात, पण देणारे थोडे असतात. सगळे मिळून दहा जण असे असतील तर मी बाकीच्या हजारांशी तरी लढू शकत होतो. आता कुणाशीच नाही. आणि सर्व्हर जवळ येईल तेव्हा येईल. मी आज रात्री खेळणार आहे.

रात्रपाळी

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. दोन ठिकाणी मत बदलतोय.

मोकळ्या जगात स्केलिंग नको. डोंगरवाट बरोबर आहेत, मला तिथे बरोबरी नकोच होती, सुटका हवी होती. कोंबडीचा नियम मला मान्य. माऊताईंचा अर्ध्या स्केलिंगचा मुद्दाही मान्य. कौशल्यं न देता नुसती लेव्हल देणं ही फसवणूक आहे, आणि नवा माणूस त्यात स्वतःलाच दोष देऊन गेम सोडतो.

पण रँक्ड (क्रमवारीच्या) रिंगणाबद्दल मी हटत नाही. सह्यकडा, तुमच्या तीन महिन्यांचा मला आदर आहे. ते कवच तुम्हाला त्या राक्षसाने दिलं, वीस जणांनी एकत्र लढून. ते पुढच्या राक्षसासमोर चालू दे, तिथे त्याची हजार पट किंमत असू दे. माझ्यासमोर ते का चालावं? मी त्या रेडमध्ये नव्हतो. तुमच्या गिल्डने तुम्हाला दिलेलं बक्षीस माझ्या हातून का वसूल व्हावं?

पिंगवर माझ्याकडे उत्तर नाही, पिंग_पुणे. माझंही 190 आहे.

सह्यकडा

रेडचं कवच रिंगणात नको, हे चला, मान्य. ते मी मनापासून देतो, कारण "मी त्या रेडमध्ये नव्हतो" याला मला तोड सापडली नाही.

पण मग रिंगणातच कमावलेलं गिअर तरी चालू द्या. 2022 च्या ड्रॅगनफ्लाइटपासून वॉरक्राफ्टमध्ये पीव्हीपीचं गिअर लढाईत वरच्या ठरावीक लेव्हलला उचललं जातं. रेडवाला त्यात पुढे जात नाही. नवा खेळाडू काही आठवडे मागे असतो, मग बरोबरीला येतो. ते काही आठवडे मला हवेत. त्या आठवड्यांत पात्र तुमचं होतं. पहिल्या मॅचला हातात असलेली तलवार आणि पन्नासाव्या मॅचची तलवार एकच असेल तर मी एक्कावन्नावी कशाला खेळू?

रात्रपाळी

एक्कावन्नावी मी खेळेन. पन्नासावीत ज्याने मला मारलं त्याने ते कसं केलं ते कळलं असेल म्हणून.