सगळं जळालेलं नाही, पेन्शनचे फॉर्म बघा

"१९२२ च्या आगीत आयर्लंडचं सगळं दप्तर खाक झालं, मग पूर्वजांच्या शोधात १९०१ च्या खानेसुमारीच्या मागे जायचं कसं?" असं वर विचारलंय. धीर सोडू नका.

डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये, म्हणजे कोर्टांच्या आवारातल्या सरकारी दप्तरखान्यात, १८२१ ते १८५१ च्या खानेसुमाऱ्या बहुतेक जळाल्या, हे खरं. त्याची हळहळ मलाही वाटते. पण कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या, नोंदवह्या तिथे नव्हत्याच. नॅशनल लायब्ररीच्या साइटवर त्या फुकट बघता येतात. जन्ममृत्यूची सरकारी नोंदही १८६४ पासूनची शाबूत आहे.

मला मात्र खरी वाट सापडली पेन्शनच्या कागदांत. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन मिळू लागली, पण त्या म्हाताऱ्यांकडे जन्मदाखला कुठून असणार? म्हणून १८४१ आणि १८५१ च्या खानेसुमारीत त्यांचं नाव शोधून वय ठरवत. मूळ पानं जळाली, शोधाचे फॉर्म उरले! माझ्या नवऱ्याच्या खापरपणजीच्या फॉर्मवर तिच्या आईवडिलांची नावं आहेत, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. खाली कारकुनाची बारीक, तिरकी शाई. ते आडनाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई कितीतरी वेळ स्क्रीनवर बोट ठेवून बसल्या होत्या.

फॉर्मवर टाउनलँडचं नाव असतं, ते आधी टिपून घ्या. टाउनलँड म्हणजे साधारण आपली वाडी. ते नाव घेऊन १८४७ ते १८६४ च्या ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनात शिरा. तिथे फक्त कूळ आणि मालक सापडतात, बायकामुलं नाहीत. आडनावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नका, आडनावाच्या सुरुवातीचे 'ओ' आणि 'मॅक' काढूनही शोधा.

तुमचं कुटुंब कुठल्या काउंटीतलं?