मदत हवी आहे: नेत्रदानाचे अर्ज भरून घेतो, पण वेळेवर फोनच येत नाही

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा छोटासा सेवा क्लब आहे. सभासद छत्तीस, त्यातले हाकेला धावणारे पंधरा-सोळा. १ जुलैपासून सचिवपद माझ्याकडे आलंय. आता २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबरच्या नेत्रदान पंधरवड्याची आखणी करायची आहे आणि तिथेच माझं घोडं अडलंय.

आधी आमची बाकीची कामं सांगते. मे महिन्यात रक्तदान शिबिर घेतलं. कॉलेजं बंद, लोक गावोगावी पांगलेले, त्यामुळे रक्ताची टंचाई नेमकी तेव्हाच असते. जूनमध्ये वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना वह्या-दप्तरं दिली. माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी होती तेव्हा आमची गाडी तिथे होती. पायांचे फोड धुणं, मलमपट्टी, जलसंजीवनीची पाकिटं. एका मावशींच्या टाचेत काच रुतली होती, ती काढल्यावर त्या पट्टी बांधून तशाच पुढे निघाल्या. मोतीबिंदूचं शिबिरही नीट चालतं. माणसं तपासायची, बसने जिल्ह्याला न्यायची, ऑपरेशन झालं की घरी आणून सोडायची, पुढे महिनाभर थेंब वेळेवर घालतात की नाही ते बघायचं. ऑक्टोबरच्या १ तारखेला ऐच्छिक रक्तदान दिन आणि ज्येष्ठ नागरिक दिन एकाच दिवशी येतात. म्हणून सकाळी शिबिर आणि संध्याकाळी गावातल्या आजी-आजोबांचा मेळावा असं ठरतंय.

ही सगळी कामं आम्हाला जमतात. नेत्रदान जमत नाही.

तीन वर्षं आम्ही पंधरवड्यात शाळेच्या मुलांची फेरी काढतो, चौकात टेबल मांडतो, संकल्पपत्रं भरून घेतो. दोनशेच्या वर अर्ज झालेत. प्रत्यक्ष नेत्रदान झालं एक, आणि तेही ज्यांनी अर्ज भरलाच नव्हता अशा एका निवृत्त मास्तरांचं. त्यांच्या पत्नीने स्वतःहून फोन केला होता.

आता घरचं सांगते. माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, अर्ज माझ्यासमोर भरला होता. नाव-पत्ता माझ्याच अक्षरात आहे. यंदा माघात पहाटे चारला ते गेले. डॉक्टर येऊन गेले, पाहुण्यांना निरोप गेले, मुंबईचे दीर पोचले, दहाच्या आत सगळं आटोपलं. अकराव्या दिवशी पासबुक शोधताना त्याच्या प्लॅस्टिकच्या कव्हरमधून कार्ड खाली पडलं. त्या सकाळी घरात वीस माणसं होती आणि एकालाही आठवलं नाही. मलाही नाही. अण्णांचा शब्द आमच्याकडून राहिला, हे मनातून जात नाही. म्हणून यंदा नुसते अर्ज गोळा करायचे नाहीत असं ठरवलंय.

विचारायचं ते हे. जवळची नेत्रपेढी आमच्यापासून गाडीने दीड तासावर आहे आणि मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. घरात रडारड चालू असताना फोन कोणी करायचा? दुःखात असलेल्या माणसांपाशी हा विषय काढायचा तरी कसा? आणि पंधरवड्यात फेरी व टेबल सोडून दुसरं काय करता येईल? ज्यांच्या गावात हे काम खरोखर चालतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

*

निवृत्त_परिचारिका: ताई, अण्णांचं वाचून वाईट वाटलं. पण ती चूक तुमची नव्हे. त्या तासात कुणाचंच डोकं चालत नाही, मी शेकडो घरं पाहिली आहेत.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. संकल्पपत्र भरलेलं असलंच पाहिजे असं नाही. जवळच्या नातेवाइकांनी त्या वेळी संमती दिली की नेत्रदान होतं. उलट अर्ज भरलेला असला तरी घरचे नको म्हणाले तर होत नाही. म्हणजे तुम्हाला गाठायचं आहे ते घरच्यांना. अर्ज घ्यायचाच असेल तर मुलगा-सून, लेक-जावई यांना समोर बसवून घ्या.

फोन केल्यावर पथक येईपर्यंत करायचं एवढंच. पापण्या मिटवून त्यावर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवायचा. पंखा बंद करायचा, कारण वाऱ्याने बुबुळ सुकतं. डोकं उशीवर थोडं उंच ठेवायचं. डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला तयार ठेवायचा. डोळे काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तपासणीसाठी थोडं रक्त घेतात. पापण्या मिटलेल्याच राहतात, चेहरा विद्रूप होत नाही. अंत्यदर्शनाला काही कळतही नाही.

चष्मा, मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदूचं ऑपरेशन, नव्वदीचं वय, यातलं काहीही आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्ताचा कर्करोग अशा काही आजारांत घेत नाहीत, पण ते पेढीचे लोक ठरवतील. तुम्ही फोन करायचा.

कृष्णाकाठ: आमच्याकडे सांगली जिल्ह्यात हेच रडगाणं होतं. मग एका बैठकीत एका म्हाताऱ्या सभासदाने विचारलं, "गावात कोणी गेलं की घराबाहेर पहिली बातमी कुणाला कळते?" आम्ही यादी केली. दाखला देणारे डॉक्टर. तिरडीचं सामान विकणारा दुकानदार. शववाहिकेचा ड्रायव्हर. ग्रामपंचायतीचा शिपाई. भजनी मंडळाचे बुवा.

या पाच-सहा जणांना आम्ही चहाला बोलावलं. भाषण नाही, हार-तुरे नाहीत. एकच विनंती केली की बातमी कळली की आम्हाला एक फोन करा, पुढचं आम्ही बघतो. सामानाच्या दुकानदारांचा फार उपयोग झाला. मडकं, बांबू, सुतळी घ्यायला जो माणूस येतो तो घरचा मुलगा नसतो, शेजारी किंवा भाऊबंद असतो. त्याचं चित्त थोडं ठिकाणावर असतं. दुकानदार हळूच विचारतो, "डोळ्यांचं काही ठरलंय का?" तो माणूस घरी जाऊन थोरल्या काकांच्या कानात सांगतो. मुलापाशी किंवा पत्नीपाशी थेट जाऊ नका. चुलता, मामा, मोठे जावई, त्या दिवशी जो सूत्रं हलवत असतो त्याला बाजूला घेऊन दोन वाक्यांत विचारा. नाही म्हणाले तर नमस्कार करून खांदा द्यायला उभे राहा. दुसऱ्यांदा विचारू नका.

माहेरवाशीण: आमच्या आजीला भीती होती की डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळी होईन. डॉक्टरांनी समजावलं, काही उपयोग झाला नाही. मग सप्ताहात कीर्तनकार महाराजांनी दधीची ऋषींची कथा लावली. देवांना वज्र हवं होतं म्हणून ज्यांनी स्वतःची हाडं दिली त्यांना पुढच्या जन्मी हाडं नव्हती का, असं त्यांनी विचारलं. आजी घरी येऊन म्हणाली, माझेही देऊन टाका. श्रावणात गावोगाव सप्ताह असतात. तुमच्या महाराजांना आधी भेटून या, चौकातल्या टेबलापेक्षा ते काम मोठं होईल.

डोळस: मी नेत्रपेढीत तंत्रज्ञ आहे. दीड तासाच्या अंतराबद्दल लिहितो. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा, त्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि प्रशिक्षित तंत्रज्ञालाही नेत्रदात्याचे डोळे काढण्याची मुभा मिळाली. म्हणजे दर वेळी मोठ्या डॉक्टरांनीच धावत यायला हवं असं नाही. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतील. त्यांना भेटा, त्यांचं प्रशिक्षण झालंय का विचारा आणि नेत्रपेढीशी त्यांची गाठ घालून द्या. बुबुळ काढून एमके नावाच्या द्रावणात ठेवलं की थंड पेटीत चार दिवस टिकतं. खरी घाई काढण्याची असते, पोचवायला थोडी सवड मिळते. पेटी नेऊन देण्याचं काम क्लबच्या गाडीने करता येईल.

पेढीला आत्ताच स्पष्ट विचारून ठेवा की रात्री फोन कोण उचलतं आणि सणासुदीला पथक येतं का. अपघाती मृत्यू असेल तर पोलिसांना आधी कळवावं लागतं, हेही सभासदांना सांगून ठेवा. आणि डोळे कुणाला बसवले ते नाव आम्ही सांगत नाही. घरच्यांना तसं आश्वासन चुकूनही देऊ नका, नंतर ते वाट बघत बसतात.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत जे झालं ते लिहिते.

यंदाची फेरी रद्द केली. एक-दोन ज्येष्ठ सभासद नाराज झाले. फेरीचा फोटो पेपरात येतो, त्याने लोकांना आठवण राहते असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहेच. पण मी अण्णांचं कार्ड बैठकीत टेबलावर ठेवलं, मग कोणी फार बोललं नाही.

ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकारी मॅडमना भेटले. प्रशिक्षण झालेलं आहे, फक्त गेल्या दोन वर्षांत त्यांना एकही फोन आलेला नाही! साहित्य पेढीकडून मिळालं तर त्या यायला तयार आहेत. सामानाच्या दुकानात गेले. काका दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "तीस वर्षं हे दुकान चालवतोय, मला असलं काम कोणी सांगितलं नव्हतं." गल्ल्याच्या मागे त्यांनी आमचा नंबर खडूने लिहून घेतला. महाराजांना सोमवारी भेटणार आहे.

आता राहिलं एकच. चोवीस तास उचलला जाईल असा फोन कोणाकडे ठेवायचा? आठवड्याची पाळी लावली तर सिमकार्ड या घरातून त्या घरात फिरणार, आणि नेमकं अदलाबदलीच्या दिवशी चार्जिंग संपलेलं असणार अशी धास्ती वाटते. कृष्णाकाठ, तुमच्याकडे कशी सोय केलीत? तोवर पहिला महिना फोन माझ्या उशाशी राहील.