टॉवेल रॉड दुसऱ्यांदा भिंतीतून निघाला

प्रश्न
बाथरूममधला टॉवेल रॉड काल पुन्हा उपटून आला. उजव्या बाजूचा स्क्रू प्लॅस्टिकच्या गिट्टीसकट हातात आला, आणि भोकातून राखाडी भुगा अजून गळतोय. मागच्या वेळी त्याच भोकात व्हाइट सिमेंट भरून मीच रॉड बसवला होता. भोक ६ मिमीचं आहे, गिट्टी जेमतेम अडीच सेंटीमीटर. टाइल शाबूत आहे आणि तशी आता मिळत नाही, म्हणून दुसरीकडे ड्रिल मारायचा धीर होत नाही. जुन्याच भोकात काही जमेल का?

प्रतिसाद १
जमेल. राखाडी भुगा म्हणजे गिलावा. टाइल, तिच्यामागचा माल आणि गिलावा यांतच दोन-अडीच सेंटीमीटर जातात, त्यामुळे तुमची गिट्टी विटेपर्यंत पोचलेलीच नाही. माझ्याकडेही अगदी असंच झालं होतं.

मी ८ मिमीची, ५ सेंटीमीटर लांबीची गिट्टी घेतली. आधी टाइलचं भोक टाइलच्या बिटने मोठं केलं. ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत फिरणं, पूर्ण बंद, स्पीड अगदी कमी, मधूनमधून थांबून ओल्या फडक्याने बिट थंड करत. घाई केलीत की बिट भोकाच्या कडेला अडकतो आणि टाइलचा टवका उडतो. टाइल व्हिट्रिफाइड, म्हणजे जास्त घट्ट आणि कडक प्रकारची, असेल तर साधा बिट नुसता तापत राहतो, तिला डायमंड बिटच लागतो. टाइल पार झाल्यावर काँक्रीटचा बिट लावून हॅमर सुरू केला. बिटवर ७ सेंटीमीटरला चिकटपट्टी गुंडाळली होती. भिंत चार इंची असेल तर त्याहून आत जाऊ नका. माझी वीट लाल होती, त्यामुळे लाल भुगा दिसला तेव्हा जिवात जीव आला.

भुगा सायकलच्या पंपाने उडवा, नाहीतर गिट्टी पुरती आत बसत नाही. आणि ती टाइलच्या मागे जाईपर्यंत आत ठोका. स्क्रू पिळताना गिट्टी फुगते. ती टाइलच्या जाडीत राहिली तर टाइलला तडा जातो. जेवढी आत ठोकाल तेवढा स्क्रू लांब घ्या.

प्रतिसाद २
भोक खोल करण्याआधी आतल्या पाइपचा अंदाज घ्या. नळ आणि शॉवरच्या सरळ वर-खाली सहसा पाइप असतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचाच घ्या आणि पिळण्याआधी भोकात थोडं सिलिकॉन भरा, म्हणजे पाणी आत झिरपत नाही.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. पाइप त्या बाजूला नाही. एक सांगायचं राहिलं: आई अंघोळ करून उठताना हाच रॉड धरते. दोन्ही वेळा तेव्हाच निघाला.

प्रतिसाद १
मग आधी आईंसाठी ग्रॅब बार, म्हणजे धरून उठण्यासाठीचा भक्कम दांडा, बसवून घ्या, रॉड नंतर. टॉवेल रॉड माणसाचं वजन पेलायला बनवलेलाच नसतो. गिट्टी विटेत घट्ट बसली तरी तो वाकेल किंवा ब्रॅकेटमधून सुटेल. ग्रॅब बारच्या प्रत्येक टोकाला बहुधा तीन स्क्रू असतात, आणि ते सगळे विटेत जायला हवेत. तो लागेपर्यंत रॉड दोन्ही बाजूंनी काढून ठेवा. समोर दिसला की हात सवयीने तिकडेच जातो.

प्रश्नकर्ती
आत्ताच काढला. आईला स्टुलावर बसवून तिचा हात कुठे पोचतो तिथे पेन्सिलीने खूण केली आहे. बार तिथेच लावते.