मदत हवी आहे: फ्लोट ट्यूबवरून वॉलाय लागत नाही, नुसतं गांडूळ खाऊन जातो

पाय_पाण्यात (शनिवार, रात्री १०:४७)
मंडळी, जरा लवकर सांगा. मेमोरियल डेची सुट्टी आहे आणि उद्या परत जायचंय.

फ्लोट ट्यूब घेऊन संध्याकाळी मासे धरायला जातो. कॅटफिश मिळतात, त्यांची तक्रार नाही. वॉलाय (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) मात्र टकटक करतो, मी हिसका मारतो आणि वर येतं अर्धं गांडूळ. दर वेळी तेच. शेजारचे बोटवाले त्याच जागेवरून वॉलाय काढतात आणि वर माझ्याकडे बघून हात हलवतात. काठी बदलू की ट्यूब? सामान सगळं नीट आहे. कृपया 'धीर धरा' सांगू नका.

बुडबुडा (रात्री ११:०५)
कुठलं तळं? किती खोल? पाणी किती गार? दोर कसला, गळ किती नंबरचा, शिसं किती? डॉक्टरकडे जाऊन 'दुखतंय' एवढंच सांगितल्यासारखं झालं हे.

मिनेसोटाचा_मन्या (रात्री ११:१२)
गांडूळ सोडा. जळू लावा. वॉलाय हा आमच्या राज्याचा मासा आहे, त्यामुळे आमचं ऐका. सरकता बॉबर (दोरावरची तरंगती खूण), खाली छोटा गळ, त्यावर जिवंत जळू. पाणी पन्नास फॅरनहाइटच्या वर गेलं की जळूला तोड नाही. बॉबर बुडाला की ओढा. विषय संपला.

उजनीकाठ (रात्री ११:३०)
फ्लोट ट्यूब म्हणजे नक्की काय असतं? आमच्याकडं धरणावर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात, खाली थर्माकोल बांधतात. तसंच काही असेल तर तुम्ही तिकडं एवढे पैसे कशाला घालवता?

पाय_पाण्यात (रात्री ११:४१)
@उजनीकाठ तत्त्व तेच, फक्त हिला खुर्ची असते आणि पायात बदकासारखे फिन घालून उलटं पोहत जायचं. हात मोकळे राहतात.
@बुडबुडा चॅटफील्ड धरणाचं तळं, कॉलोराडोत डेन्व्हरच्या दक्षिणेला. खोली माहीत नाही, पाय टेकत नाहीत. गळ १/०, नायलॉनचा दोर, अख्खं नाइटक्रॉलर (मोठं गांडूळ). कॅटफिश पण लागावेत म्हणून मोठा गळ.
@मन्या इथल्या दुकानात जळवा मिळाल्या नाहीत.

कोळीवाडा_ते_कॉलोराडो (रात्री ११:५८)
आधी हे सांगा, टकटक करतो तो वॉलायच आहे हे कशावरून? अर्धं गांडूळ तोडणारा मासा बहुतेक वेळा बारका पर्च असतो, नाहीतर खाली खेकड्यासारखा क्रॉफिश कुरतडत असतो. वॉलायचा टिचका एकच येतो आणि पुढे दोर जड वाटतो. सारखं टकटकटक म्हणजे बारकी पोरं. तुम्ही दोन महिने पर्चना जेवू घालत असाल.

पाय_पाण्यात (रविवार, रात्री १२:०३)
पाच फुटांवरच्या बोटीला त्याच वेळी वॉलाय लागला, डोळ्यांनी पाहिला. पर्च नाही. आणि दोन महिने कुठून आले, एप्रिलमध्ये त्या पाण्यात बसायला मी वेडा नाही.

जिगप्रेमी (रात्री १२:१५)
गांडूळ, जळू, बॉबर सगळं सोडून १/८ औंसाचा जिग (शिशाचं डोकं असलेला गळ) आणि वर रबराची शेपटी. आमिष खराब व्हायचा प्रश्नच नाही. टाका, तळाला टेकू द्या, हळू उचला, परत टेकू द्या. मी वर्षानुवर्षं हेच करतो.

मिनेसोटाचा_मन्या (रात्री १२:२०)
रबराला वास नसतो. मासा मूर्ख नाही.

जिगप्रेमी (रात्री १२:२२)
वॉलाय वास घेऊन येत नाही, बघून येतो. डोळ्याच्या मागे चकाकणारा पडदा असतो त्याच्या, मांजरासारखा. म्हणून तर अंधार पडताना तो तळपतो. वासावर चालतो तो कॅटफिश.

मिनेसोटाचा_मन्या (रात्री १२:२४)
बघून येतो आणि वास घेऊन गिळतो. बरं, चालू द्या.

शाकाहारी_सदा (सकाळी ६:५०)
एक साधा प्रश्न. त्या जिवाला गळ लावून परत सोडून देण्यात नक्की काय मजा? ट्यूबमध्ये बसून नुसतं सूर्यास्त बघा की. पैसेही वाचतील.

पाय_पाण्यात (सकाळी ७:१०)
सोडून देतो असं मी कुठे म्हटलं? घरी तवा आहे. आता कोणीतरी मूळ प्रश्नाकडे या.

धरणकाठचे_काका (सकाळी ८:३२)
सकाळी उठून बघतोय तर धाग्यावर जळू आणि रबराची कुस्ती चाललीये. बाळा, आता मी काय सांगतो ते ऐक.

चॅटफील्डचे वॉलाय मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत धरणाच्या दगडांवर अंडी घालतात. राज्याचे मत्स्य अधिकारी त्याच वेळी जाळी लावून अंडी गोळा करतात. चॅटफील्ड, चेरी क्रीक आणि प्वेब्लो ही त्यांची ठरलेली तळी. (वॉलाय मुळात या राज्यातला नाहीच, बाहेरून आणून वसवलाय. असो.) आता मे संपत आलाय, त्यामुळे दगडांवर बसून राहण्यात अर्थ नाही. मासे दगड सोडून उथळ सपाट जागांवर आणि पाण्यात घुसलेल्या टोकांवर पसरले आहेत. दिवसा दहा-पंधरा फुटांवर, ऊन उतरलं की त्याहून उथळ.

आता तुझं दुखणं. ट्यूबमध्ये तू पाण्यापासून फूटभर वर बसलेला असतोस, म्हणजे काठी वर न्यायला जागाच नसते. त्यात तू स्वतः पाण्यावर मोकळा आहेस. हिसका मारलास की गळ माशाच्या तोंडात रुतत नाही, तूच माशाकडे सरकतोस! बोटवाल्याच्या मागे बोटीचं वजन असतं, तुझ्या मागे काहीच नाही. नायलॉनचा दोर ताणतो, उरलेला जोर तिथे जातो.

दुसरी गोष्ट. वॉलाय आमिष चावून घेत नाही, पाण्यासकट तोंडात ओढून घेतो. दोर ताठ असेल तर गांडूळ आत जातच नाही. लोंबणारं टोक तेवढं त्याच्या तोंडात येतं आणि दातांनी तुटतं. तू फिन मारत मारत आमिष ओढतोयस ना? मग दोर सतत ताठच.

म्हणून असं कर. अर्धंच गांडूळ लाव, चार किंवा सहा नंबरच्या छोट्या गळावर, किंवा जिगप्रेमींच्या १/८ औंसाच्या जिगवर. दोर विणलेला घे, तो ताणत नाही. पुढे तीन-चार फूट फ्लुओरोकार्बनचा (पाण्यात कमी दिसणारा) दोर बांध. टिचका आला की हिसका नको. काठीचं टोक माशाच्या दिशेने झुकव, दोर ढिला सोड, मनात एक-दोन म्हण. मग रिळावर दोर गोळा करून काठी आडवी, पाण्याला समांतर ओढ आणि त्याच क्षणी दोन्ही फिन जोरात मार. पायांचा जोर हीच तुझी बोट.

१/० च्या गळावर अख्खं नाइटक्रॉलर हे कॅटफिशसाठी ठीक. एकाच काठीवर दोघांना पकडायचा हट्ट सोड.

बुडबुडा (सकाळी ८:४५)
काका, आडवा ओढ हा मुद्दा पटला. पण दुसऱ्या काठीसाठी कॉलोराडोत वेगळा स्टॅम्प (लायसन्सवरची जादा परवानगी) लागतो, तो काढल्याशिवाय दोन दोर पाण्यात सोडू नका.

धरणकाठचे_काका (सकाळी ८:५१)
बरोबर. पण ट्यूबवर एका वेळी दोन काठ्या कुणी सांभाळूही नये, मासा लागला की दोन दोरांचा गुंता पायातल्या फिनमध्ये जातो.

हिरवा_मफलर (सकाळी ९:२०)
मी काय म्हणतो, वाऱ्याने ट्यूब हलते हाच खरा प्रॉब्लेम आहे. छोटा नांगर बांधा, पाच पौंडाचा. जागेवर राहाल, दोर ढिला ठेवता येईल.

धरणकाठचे_काका (सकाळी ९:२६)
अजिबात नको. ट्यूबला नांगर बांधायचा नसतो. वारा वाढला की लाट येऊन बसते, नांगर अडकलेला, गाठ ओली, आणि ती सोडवायला वेडरच्या (छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीच्या) पट्ट्याखाली हात घालावा लागतो. इथे दुपारी डोंगरावरून वारा कधी सुटेल सांगता येत नाही.

हिरवा_मफलर (सकाळी ९:३१)
मी तर वापरतो बुवा. झटकन सुटणारी कडी लावली की झालं.

कोळीवाडा_ते_कॉलोराडो (सकाळी ९:४०)
काकांशी सहमत. वाऱ्याच्या वरच्या बाजूला फिन मारत जा आणि मग वाऱ्याबरोबर हळूहळू खाली या, पायांनी ब्रेक लावत. दोर सरळ खाली. ट्यूबची खरी मजा ही आहे, बोटीला इतकं हळू जमत नाही. वारा ताशी दहा-बारा मैलांच्या वर गेला की बाहेर या आणि काठावरून टाका. गंमत अशी की वारा आदळतो त्या किनाऱ्यावर बारके मासे गोळा होतात आणि वॉलाय त्यांच्या मागे तिथेच येतो, पण तिथे ट्यूब टिकत नाही. तिथे काठावरूनच.

उजनीकाठ (सकाळी १०:०२)
तुमच्या कॅटफिशला शिंगटीसारखे काटे असतात का? आमच्याकडं शिंगटीचा काटा लागला की हात सुजतो. आणि तुम्ही हवेच्या ट्यूबवर बसताय!

बुडबुडा (सकाळी १०:१०)
असतात. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांमागे एकेक, उभे करून अडकवतो तो. चॅनेल कॅटफिश मांडीवर घेऊ नका, पकड वापरा. चांगल्या ट्यूबला जाड कापडाचं आवरण असतं आणि पाठीत हवेचा वेगळा कप्पा असतो, त्यामुळे एकदम बुडत नाही. तरी काट्याला आपण होऊन ट्यूब दाखवायची गरज नाही. @पाय_पाण्यात, लाइफ जॅकेट घालता ना? आणि अंधार पडल्यावर पांढरा दिवा?

पाय_पाण्यात (सकाळी १०:२५)
जॅकेट घालतो, दिवा डोक्याला असतो, वेडरला पट्टा आहे. प्रश्न तो नव्हता पण ठीक आहे.
काका, मनापासून धन्यवाद. विणलेला दोर घरात आहे, भरतो. कॅटफिशसाठी मग कुठे जाऊ?

धरणकाठचे_काका (सकाळी १०:५८)
प्लम क्रीक जिथे तळ्याला मिळते त्या बाजूला. बर्फ वितळून, पाऊस पडून गढूळ पाणी येतं, त्यात कॅटफिश चरायला येतो. उथळ पाणी लवकर तापतं. माशाचा कापलेला तुकडा आणि गोल वळलेला सर्कल गळ. त्याला हिसका द्यायचाच नाही, मासा वळला की गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो. वॉलायला झुकव-ढील-ओढ, कॅटफिशला नुसतं थांब. या वर्षी पाणी चढलं असेल तर काठची झाडं पाण्यात उभी दिसतील. धरणात पाणी जादा साठवायची सोय झाल्यापासून पातळी पूर्वीपेक्षा बारा फूटपर्यंत वर नेता येते. त्या झाडांत ट्यूब घालू नकोस, फांदी टोचेल.

जिगप्रेमी (सकाळी ११:१५)
म्हणजे शेवटी जिगच. आभारी आहे.

मिनेसोटाचा_मन्या (सकाळी ११:१७)
जिगवर गांडूळ. म्हणजे जिवंत आमिषच. आभार मागे घ्या.

सुरमई_प्रेमी (दुपारी १२:४०)
तुम्ही भांडा, मी वॉलाय खाल्लाय म्हणून सांगते. पांढरा, काटे कमी, वास जवळपास नाही. त्याला आपलं तिखट-मीठ-हळद-कोकम पुरे, रवा लावून तव्यावर. फार मसाला घातला तर मासा गायब होतो. कॅटफिशचं मात्र कालवण करा, लालभडक, आणि कातडी आधी काढा. मोठे वॉलाय रोज खाऊ नका, पाऱ्याच्या सूचना काही तळ्यांवर लावलेल्या असतात, त्या वाचा.

पाय_पाण्यात (सोमवार, रात्री ९:५२)
काल दुपारी गडगडाट सुरू झाला म्हणून गेलोच नाही. हातात ग्राफाइटची काठी घेऊन पाण्यात बसायची इच्छा नव्हती. आज पहाटे गेलो, गर्दी यायच्या आत. अर्धं गांडूळ, जिग, विणलेला दोर. टिचका आला, काठी झुकवली. ते एक-दोन म्हणणं सगळ्यात अवघड, हात आपोआप उडतो. आडवं ओढलं आणि पाय मारले तेव्हा ट्यूब गर्रकन फिरली, पण मासा सुटला नाही. वॉलाय. पाटीवरच्या मापात बसला नाही म्हणून सोडला. नंतरचे दोन सुटले, पण पहिल्यांदा अख्खं आमिष परत आलं. कोळीवाडा, पर्चही होते, मान्य करा की दोन्ही होते.

कोळीवाडा_ते_कॉलोराडो (रात्री १०:०५)
होते ना, मग झालं. ट्यूब फिरते कारण तुम्ही एकाच बाजूला ओढता. ज्या बाजूला काठी नेता, त्याच्या उलट पायाने जास्त मारा.

धरणकाठचे_काका (रात्री १०:११)
छान. आता संध्याकाळी, उथळावर, त्याच पद्धतीने.

हिरवा_मफलर (रात्री १०:२०)
नांगर असता तर ट्यूब फिरली नसती. एवढंच म्हणतो.

बदलापूरची_सून (मंगळवार, सकाळी ७:३०)
धागा वाचून एक विचारते. माझे बाबा जूनमध्ये भारतातून येत आहेत, त्यांना पण काठावरून गळ टाकायचाय. त्यांना लायसन्स लागेल का? वय ६८.

बुडबुडा (सकाळी ७:४८)
लागेल, १६ आणि त्यावरच्या वयाच्या सगळ्यांना लागतं. पाहुण्यांसाठी एक दिवसाचं आणि पाच दिवसांचं मिळतं, ऑनलाइन निघतं. जूनचा पहिला पूर्ण वीकेंड मात्र कॉलोराडोत लायसन्सशिवाय चालतो, तेव्हा तिकिटं त्या हिशेबाने बघा. माशांच्या संख्येचे आणि मापाचे नियम त्या दोन दिवशीही लागू असतात.