मदत हवी आहे: वाचनालयातले रास्पबेरी पाय, लाईन आणि प्रिंटर

मंडळी नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात रास्पबेरी पाय ४ (४ जीबी) या छोट्याशा संगणकाचे दोन संच आहेत. त्यावर रास्पबेरी पाय ओएस (लिनक्सचाच प्रकार), लिब्रेऑफिस, आणि हे सगळं साठवायला ३२ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड. मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग झकास चालतं. कृतीदेव या जुन्या फाँटमधल्या फाइली तेवढ्या युनिकोडमध्ये बदलाव्या लागतात.

खरी अडचण लाईनची. दिवसातून चार-पाचदा जाते. कार्डावर लिहिणं चालू असतानाच वीज तुटली की फाइल सिस्टीम बिघडते. आधी मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल होती, त्यामुळे पडद्यावर पिवळी वीजखूण यायची, म्हणजे व्होल्टेज ४.६३ च्या खाली. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लावल्यावर खूण गेली, कार्ड मात्र अजूनही बिघडतंच.

म्हणून रास्पी-कॉन्फिगमधून (पायच्या सेटिंगच्या साधनातून) ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करायची आहे, म्हणजे कार्डावर काही लिहिलं जात नाही, बदल फक्त मेमरीत राहतात. पण मग पोरांनी टाइप केलेले अर्ज रीस्टार्ट केल्यावर पुसले जाणार. होम फोल्डर (जिथे पोरांच्या फाइली राहतात) बाहेरून जोडलेल्या एसएसडी डिस्कवर ठेवून हे कोणी चालवलंय का? बूटच्या सेटिंगमधल्या ओव्हरलेच्या ओळीत रिकर्स (recurse) हा पर्याय शून्य केला की एसएसडी त्यातून सुटते ना? आणि लाईन गेल्यावर एसएसडीचं काय होतं?

दुसरं, प्रिंटर. आहे त्याचा लिनक्स ड्रायव्हर फक्त इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी आहे, पायच्या एआरएम प्रोसेसरवर चालत नाही. ड्रायव्हरशिवाय चालणारा स्वस्त लेझर प्रिंटर कोणी वापरून पाहिलाय का? मॉडेल सांगा. सातबाऱ्याची प्रिंट निघाली नाही तर गावकरी विंडोजच मागतील, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.