अपडेट अडकलं तेव्हा: लिनक्स वापरणाऱ्यांचे अनुभव

गेल्या रविवारी दादरला मामांकडे गेले होते. मामा निवृत्त झालेत, कॉम्प्युटरवर उबंटू २०.०४ (लिनक्सचा एक प्रकार) आहे, मीच घालून दिलेलं. सहज पाहिलं तर वर्षभरात एकही अपडेट झालेलं नाही. "लाल अक्षरं आली की मी ती खिडकी बंद करतो. बाकी सगळं चालतंय की," मामा म्हणाले.

त्या आवृत्तीचा नेहमीचा पाच वर्षांचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं, मे २०२५ मध्ये संपला, आणि मामा त्याच मशीनवरून पेन्शनचं खातं बघतात. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. त्या लाल अक्षरांचा अर्थ त्यांना कुणी सांगितलाच नव्हता, मीसुद्धा नाही.

म्हणून हा धागा. तुमचं अपडेट कुठे अडकलं, पडद्यावर नेमके कोणते शब्द होते, आधी काय करून पाहिलंत आणि शेवटी कशाने सुटलं, ते लिहा. फसलेले उपायही लिहा. मामांना त्यांचाच जास्त उपयोग होईल.

सुरुवात माझ्यापासून. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या, तो दिवस आठवत असेलच. मी घरून काम करत होते, डेस्कटॉपवर नेमकं अपडेट चालू होतं, यूपीएस नव्हता. वीज आल्यावर मशीन सुरू झालं, पण ॲप्ट (उबंटूत सॉफ्टवेअर बसवणारा आणि अपडेट करणारा प्रोग्राम) काही करू देईना: 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड', म्हणजे पॅकेजं बसवणारं डीपीकेजी मध्येच थांबलं. एवढंच वाचून मी सगळं पुसून नव्याने टाकायला निघाले, पेन ड्राइव्हसुद्धा तयार केला. मग तीच ओळ शेवटपर्यंत वाचली. उपाय तिथेच होता: सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए ('सुडो' म्हणजे ही आज्ञा मशीनच्या मुख्य अधिकाराने चालव). पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरची गाठोडी, उतरली होती, उलगडलीही होती, फक्त शेवटची जुळणी राहिली होती, ती या आज्ञेने पुरी झाली. मागोमाग सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल दिलं आणि दहा मिनिटांत सुटले. यूपीएस त्याच आठवड्यात घेतला.

गोरेगावहून, हिशेबाची कामं करणारा

माझ्याकडे आलेली ओळ होती 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', म्हणजे जागा संपली. डिस्कवर ३०० जीबी मोकळी दिसत होती, तरी जागा नाही म्हणे. आधी जुने फोटो दुसरीकडे हलवले, मग डाउनलोड रिकामं केलं. काही फरक नाही. दोन संध्याकाळी अशाच गेल्या.

शेवटी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) कुठल्या कप्प्यात किती जागा आहे ते दाखवणारं डीएफ -एच दिलं तेव्हा उलगडा झाला. ग्राहकांचे कागद असतात म्हणून मी डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता येऊ नये अशी) करून घेतली होती, आणि तसं केलं की मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा /बूट हा वेगळा, लहान कप्पा तयार होतो. माझा ७०० एमबीच्या आसपास होता. दर कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटला त्यात नवी भर पडत गेली, जुनी कर्नलं तशीच राहिली आणि कप्पा शंभर टक्के भरला.

खरी अडचण पुढे आली. एरवी सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज ने जुनी कर्नलं निघतात. इथे नवं कर्नल अर्धवट बसलेलं, त्यामुळे ॲप्ट आधी तेच पुरं करायला जाई आणि जागेअभावी पुन्हा अडके. मग यूनेम -आर देऊन सध्या कोणतं कर्नल चालू आहे ते कागदावर लिहून घेतलं. ते सोडून सर्वांत जुनं एक डीपीकेजी --पर्जने काढलं. तेवढ्या जागेत अर्धवट राहिलेलं काम पुरं झालं, आणि त्यानंतर ऑटोरिमूव्हही चाललं. चालू कर्नलला मात्र हात लावू नका. आता महिन्यातून एकदा /बूट बघतो.

विक्रोळीहून, इंजिनीअरिंगचा विद्यार्थी

'कुड नॉट गेट लॉक' (कुलूप मिळालं नाही) ही ओळ आली की लॉक फाइल उडवा, असं मी कुठेतरी वाचलं होतं. एका वेळी एकच अपडेट चालावं म्हणून ती फाइल असते. मी उडवली. त्या वेळी मागे स्वयंचलित सुरक्षा अपडेट चालू होतं. ते आणि मी चालवलेलं ॲप्ट, दोघांनी एकाच नोंदवहीत लिहिलं आणि बसवलेल्या पॅकेजांची यादीच बिघडली. त्यानंतर कुठलीच आज्ञा धड चालेना.

वाचवलं ते जुन्या प्रतीने. /व्हार/लिब/डीपीकेजी मध्ये स्टेटस-ओल्ड नावाची फाइल असते, /व्हार/बॅकअप्समध्येही प्रती ठेवलेल्या असतात. बिघडलेली स्टेटस फाइल बाजूला ठेवून जुनी तिच्या जागी आणली आणि राहिलेली अपडेट पुन्हा केली. हे करताना वर्गातली एक मैत्रीण फोनवर होती, तिचे उपकार आहेत.

नव्या आवृत्त्यांमध्ये लॉक कुणी धरून ठेवलंय ते त्याच ओळीत प्रोसेसच्या क्रमांकासकट येतं. नाव 'अनअटेंडेड-अपग्र' असं तुटकं दिसलं तर पंधरा-वीस मिनिटं थांबा, आपोआप सुटतं.

बोरिवलीहून

४०४ नॉट फाउंड, म्हणजे फाइल सापडली नाही, एकामागून एक. आम्हाला वाटलं नेट खराब आहे, म्हणून केबलवाल्या दादांना दोनदा बोलावलं. मुलीने उबंटू २३.१० घातलं होतं. एप्रिलमध्ये येणाऱ्या एलटीएसखेरीज (दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीखेरीज) बाकीच्या आवृत्त्यांना नऊच महिने सपोर्ट असतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. २३.१० चा जुलै २०२४ मध्ये संपला, पुढे फाइली ओल्ड-रिलीजेस या सर्व्हरवर गेल्या. सोर्सेसमधला (अपडेट कुठून घ्यायची त्या यादीतला) पत्ता बदलल्यावर अपडेट झालं आणि तिथून २४.०४ वर आलो.

परळहून, अंकांची मांडणी करणारी

दिवाळी अंकाची शेवटची सोळा पानं बाकी होती. रात्री अपडेट केलं, सकाळी काळा पडदा. अपडेटमध्ये नवं कर्नल आणि ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर दोन्ही आले होते. सिक्युअर बूट (सही केलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर अशा वेळी पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर एमओकेची (मशीनच्या मालकाने मान्य करायची) किल्ली नोंदवायला सांगतात. मी काही न वाचता 'कंटिन्यू बूट' दाबलं होतं. किल्ली नोंदली गेली नाही, म्हणून ड्रायव्हर चढला नाही.

मला कळेना की पानं गेली की आहेत. संपादकांना काय सांगू म्हणून रडू यायचं बाकी होतं. भावाने फोनवर सांगितलं: मशीन सुरू होताना ग्रबची (काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रामची) यादी आण, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचं कर्नल निवड. जुनं कर्नल सुरू झालं, पानं जशीच्या तशी होती. अंक छापायला गेल्यावरच किल्ली नोंदवली. हातात अंक असला की आता मी नवं कर्नल टाकत नाही. ब्राउझरची सुरक्षा अपडेट तेवढी घेते.

मुलुंडकर

बाहेरून जोडलेल्या रेपॉझिटरीची (पॅकेजांच्या साठ्याची) 'नो पबकी', म्हणजे सही तपासायची किल्ली नाही, ही ओळ आली तर पडताळणीच बंद करून टाकू नका. पॅकेज खरोखर त्याच माणसांनी बनवलंय की नाही, हे ती किल्लीच सांगते. बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरून नवी किल्ली घ्या. आणि ते सॉफ्टवेअर लागत नसेल तर रेपॉझिटरीच काढा. माझ्याकडच्या सहांपैकी चार अशाच निघाल्या.

गिरगावातल्या अभ्यासिकेतून

अनुभव नाही, चालू अडचण लिहितो. देणगीत आलेल्या जुन्या कॉम्प्युटरपैकी तिघांवर 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' येतंय. शिवाय ब्राउझर म्हणतो बऱ्याच साइट सुरक्षित नाहीत. पोरांची परीक्षा जवळ आहे. काय करू?

मुलुंडकर

दादा, आधी पडद्यावरची तारीख बघा. मागची असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. लॅमिंग्टन रोड तुम्हाला जवळच आहे. घड्याळ मागे असलं की आज बनलेली फाइल मशीनला भविष्यातली वाटते, साइटच्या प्रमाणपत्रांचंही तेच. खरं तर नेट लागल्यावर वेळ आपोआप जुळायला हवी, म्हणून टाइमडेटसीटीएल देऊन एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणारी सोय) चालू आहे का तेही बघा. नसेल तर सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू. (घड्याळ बरोबर साडेपाच तासच इकडेतिकडे असेल तर कारण वेगळं. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ), आणि दोन्ही एकाच मशीनवर असली की गोंधळ होतो.)

गिरगावातल्या अभ्यासिकेतून

तारीख तीन वर्षं मागची होती, तिन्हींची. एनटीपीसुद्धा बंद. तिन्ही सेल बदलले, आज्ञा दिली. दोन मशीनची अपडेट झाली, तिसऱ्यावर आत्ता चालू आहे, ४१२ पॅकेजं दाखवतंय. ते पुरं होईपर्यंत मी इथेच बसून आहे.