अनुभव धागा : सोलापुरातली जुनी वाचनालयं

पाहुणे आले की आपण भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव आणि चादरीची दुकानं फिरवून आणतो. वाचनालय कुणी दाखवतं का? कोणत्या जुन्या वाचनालयात गेलात, काय हाती लागलं, लिहा. 'छान वाटलं' एवढ्यावर सुटका नाही.

नवी पेठ
हिराचंद नेमचंद वाचनालय. नाव रोजचं, पण हे उद्योगपती वालचंद हिराचंदांचे वडील, हे मुलाला सांगितलं तर त्याला पटेना! व्याख्यानाला म्हणून तिथल्या अँफी थिएटरला जाणारे पुष्कळ. त्यातले पुस्तकांच्या कपाटापर्यंत जाणारे किती, ते विचारू नका.

साखर पेठ
आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी. तात गिरणीत होते. पाळी सुटली की घरी न येता आधी गल्लीतल्या वाचनालयात. तेलुगू पेपर एकच यायचा, म्हणून पानं सुटी करून वाटून घ्यायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं ते शेजारी बसून ऐकायचे, आणि बाजारभावाचं पान कुणाकडे यावरून भांडणं. शेजारच्या टेबलावर कन्नड मंडळींचंही तेच. पुस्तकं घरी नेणारे थोडेच, पण टेबल कधी रिकामं नसायचं.

सध्या पुण्यात
इंग्रजांनी 1930 साली सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉबद्दल (लष्करी कायद्याबद्दल) वाचायचं होतं, म्हणून एका जुन्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या फायली काढायला लावल्या. कापडी बांधणी, कडा कसरीनं खाल्लेल्या. ग्रंथपाल म्हणाले, "तुम्ही हात लावू नका, मी उलटतो." पानाखाली पट्टी सरकवून एकेक पान उलटत राहिले, मधे चहाही घेतला नाही. त्याच प्रकरणात 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांपैकी कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे, हे मला तिथं कळलं. त्यांच्याच चार पुतळ्यांवरून शाळेला जायचो मी, दहा वर्षं!

जुळे सोलापूर
एक तक्रार. मी जातो तिथं सगळ्या खुर्च्या स्पर्धा परीक्षावाल्यांच्या. त्यांचं चुकत नाही, पोरं जातील कुठं? पण जुन्या कपाटाची किल्ली 'साहेबांकडे', आणि साहेब बाहेर.

फलटण गल्लीजवळून
जैन संस्कृती संरक्षक संघ विसरलात. 'तिलोयपण्णत्ती'सारखा प्राकृत ग्रंथ 1943 साली इथून, जीवराज जैन ग्रंथमालेत निघाला. त्यात गणितही आहे. प्राकृत येत नसेल तरी प्रस्तावना चाळा.

साखर पेठ
@जुळे सोलापूर, सकाळी उघडल्या उघडल्या जा. किल्ली तेव्हा शिपायाकडे असते.